फोटोत नसलेला माणूस

माझ्या मुलीच्या बारशाला मी हजर होते. असणारच, पाळण्याशी आईच बसते. मी हिरवं लुगडं नेसले होते, घुगऱ्या वाटल्या होत्या, असं सगळं मला नंतर सांगण्यात आलं. मला त्यातलं काहीही आठवत नाही. बारसं झालं आणि काही दिवसांत मला आकडी आली. शुद्धीवर आले, अंग ठणकत होतं म्हणून पडून राहिले, आणि उठून चुलीपुढे बसले तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो हा, की बारसं कधी करायचं ठरलंय. नणंद भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चुलीत लाकूड सरकवलं. त्या बोलत तेव्हा मला राग यायचा, आणि बोलत नसत तेव्हा भीती वाटायची.

माझं माहेर आष्टीचं. पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मला परतूरला दिलं. लहानपणी तापात मला पहिली आकडी आली होती, आणि मग ती अधूनमधून येतच राहिली. सोयरीक जमवताना वडिलांनी पोरीला कधीमधी चक्कर येते, एवढंच सांगितलं. ते अगदी खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. आकडी आली की लोक जवळ असेल त्याची चप्पल काढून माझ्या नाकाशी धरत. शुद्धीवर येताना मला सगळ्यात आधी कळायचा तो चामड्याचा वास, आणि मग भोवती वाकून बघणारी तोंडं. या उपायाची मला इतकी चीड होती की चांभाराच्या दुकानावरून जाताना मी पदर नाकाला लावायची. पण आकडीचं तसं मला फार वाटत नसे. ती येते तेव्हा आपण तिथे नसतोच. खरा त्रास पुढचा. ती जाताना मागचे काही दिवस बरोबर घेऊन जायची, कधी कधी महिनेसुद्धा. कुठले नेईल ते सांगता यायचं नाही. माझ्या लग्नाची पंगत मला लख्ख आठवत होती, कोण कशावरून रुसलं तेही आठवत होतं. पोटच्या पोरीचं बारसं मात्र गेलं.

त्या दिवशी चुलीपुढचं माझं बोलणं नणंदेनं ह्यांच्या कानावर घातलं. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, बोलणं मोजकं. मला त्यांनी काही विचारलं नाही. त्याच सुमारास निजामाच्या वेळचा एक अंमलदार परतूर सोडून कायमचा हैदराबादला निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. लोकांनी पलंग आणले, आरसे आणले. हे एक काळा चौकोनी डबा घेऊन आले. सासूबाईंना वाटलं पानाचा डबा आहे. तो कॅमेरा होता. हा कशाला बिनकामाचा खर्चा, असं त्यांनी विचारल्यावर हे म्हणाले की हिच्या ध्यानात राहात नाही, तर आपण डब्यात ठेवू. एवढं लांब वाक्य त्यांनी आईसमोर क्वचितच उच्चारलं असेल.

तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नसे. पोटाशी धरून वरून त्याच्या भिंगात वाकून बघायचं, श्वास रोखायचा आणि बाजूचा खटका दाबायचा. ऊन पाठीवर घेऊन उभं राहायचं, हा एकच नियम ह्यांना त्या अंमलदाराने शिकवला होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. रीळ संपलं की जिनिंगच्या कामाला जालन्याला जाताना ते बरोबर न्यायचे आणि तिथल्या मस्तगड भागातल्या एका फोटोवाल्याकडून धुवून आणायचे. त्याच फेरीत माझ्या आकडीच्या गोळ्याही यायच्या. त्या वेळी लोक फोटो काढायचा म्हणजे अंगावर दागिने घालून खुर्चीत ताठ बसत. ह्यांनी काढलेले फोटो पाहून फोटोवाला हसायचा म्हणे. सासूबाई सुपात ज्वारी पाखडताना. नणंद केस वाळवताना. आष्टीहून आलेले माझे वडील बैलगाडीतून उतरताना, एक पाय खाली आणि एक वर. मुलगी दारातल्या उंबऱ्यावर पोट टेकून पलीकडे जायच्या खटपटीत. मला जे दिवस लागणार होते ते हे असे होते, दागिन्यांचे नव्हेत, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

फोटोच्या मागे ते पेन्सिलीने लिहून ठेवायचे. पहिल्या खेपेला त्यांनी सगळं उर्दूत लिहिलं. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, हाताला तेच वळण. मी चौथीपर्यंत मराठी शिकलेली. मी फोटो उलटे-सुलटे करून बघत बसले, मला नुसत्या मुंग्या दिसल्या. मग जीभ दातात धरून त्यांनी पुन्हा मराठीत लिहिलं. दुपारी भांडी झाली की मी गोधडीवर सगळे फोटो मांडायची आणि एकेकावर बोट ठेवून पुटपुटायची. ह्या आत्याबाई, ही नणंद, हा आपला हौद, हे लोणचं घातलं तो दिवस. आम्ही सासूला आत्याबाईच म्हणतो. खरं सांगायचं तर यातून तो दिवस परत येत नसे. मला लोणचं घातलेलं आठवायचं नाही, लोणच्याचा फोटो आठवायचा. पण माणूस ओळखीचं वाटायचं, आणि घरात वावरायला तेवढं पुष्कळ होतं.

कधी कधी फोटोच दगा द्यायचा. एका फोटोत नणंदेशेजारी टोपी घातलेला एक मनुष्य ऐटीत उभा होता. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मी मनाशी धरलं की हे सासरचे कुणी मामा असावेत, आणि तसंच रोज घोकलं. पुढल्या हंगामात तो दारात आला तेव्हा मी डोईवर पदर घेतला, वाकून पाया पडले, पाट मांडला आणि चहाचं आधण ठेवलं. तो कल्हईवाला होता. फोटो काढताना तो भांडी न्यायला आला होता आणि मुद्दाम मध्ये येऊन उभा राहिला होता. बिचारा पाटावर अवघडून बसला आणि चहा पिऊन गेला, कल्हईही चांगली केली. सासूबाई त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. असं विसरणं त्या घरात चालत होतं.

न चालणारं विसरणं कोणतं, तेही मला माहीत होतं. ह्यांची एक चुलती गावाकडून आली होती. मी हौदावर होते आणि ती आणि सासूबाई भिंतीपलीकडे बसल्या होत्या. चुलतीचं म्हणणं होतं की असलं बिघडलेलं माणूस माहेरी पोचतं करावं आणि पोराला दुसरी करून द्यावी, अजून त्याचं वय आहे. मग सासूबाईंचा आवाज आला, "नवऱ्याला अन् लेकराला वळखती तवर ती या घरची हाय. पुढचं पुढं बघू." मी बादली भरली आणि आत आले. त्या दुपारी मी सगळे फोटो दोनदा मांडून पाहिले, तर त्या सगळ्यांमध्ये ह्यांचा एकही फोटो नव्हता.

एक तर कॅमेरा ह्यांच्याच हातात असे. दुसरं कारण सासूबाई. ह्यांच्या आधीची दोन लेकरं त्यांनी गमावली होती. हे जन्मले तेव्हा त्यांना उकिरड्यावर लोळवून मग घरात घेतलं, म्हणजे नजर लागू नये. थोरल्या मुलाचं नाव आईने तोंडाने घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं, ही रीत पुष्कळ घरी होती. आमच्याकडे ती देवधर्मासारखी पाळली जायची. त्या ह्यांना "थोरल्या" म्हणत. फोटोचंही तसंच. आमचे काढा, लेकराचा काढा, त्या म्हणायच्या, याचा काढू नका. फोटूने माणूस उणा होतो, अशी त्यांची समजूत. मग नाव कोण घेणार? नणंद "दादा" म्हणायची. जिनिंगमध्ये आणि गल्लीत ते "मुन्शीजी" होते. आणि मला तर नाव घ्यायचंच नव्हतं. "अहो" एवढ्या एका शब्दावर बाईचा अख्खा संसार होतो. ज्या माणसाच्या जिवाला सगळ्यात जास्त जपलं, त्याचं नाव आणि तोंड दोन्ही त्या घरात कुठेच ठेवलेलं नव्हतं.

मुलगी बोलायला लागली त्या वर्षी, दिवाळी तोंडावर असताना, गोळ्या संपल्या आणि जालन्याची फेरी लांबली. लागोपाठ आकड्या आल्या. शुद्धीवर आले तेव्हा चप्पल नाकाशी होती. मी एकेक तोंड बघत गेले. सासूबाई, ओळखल्या. नणंद, ओळखली. मुलगी धावत येऊन अंगावर पडली, तिला तर फोटोंमधून मी महिन्या-महिन्याने वाढताना पाहिलं होतं. आणि पायाशी एक पुरुष बसलेला होता. केसांत कापसाची तुसं, हातात माझ्या गोळ्यांची पुडी. मला वाटलं डॉक्टरांचा माणूस असेल. मी पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. लोकांना वाटलं, थकली आहे.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तो माणूस विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात येतो, मुलगी त्याच्या खांद्यावर बसते, त्याअर्थी हे आपले यजमान, हे मी जुळवलं. जुळवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. त्याने हाताला हात लावला की मी आखडायची आणि मग रडू यायचं, आणि रडण्याचं कारण सांगता यायचं नाही. दुपारी फोटो मांडून बसायची, तर सगळं घर त्यात होतं आणि हा एकटाच नव्हता. तेव्हा माझं लक्ष सावलीकडे गेलं. पुष्कळ फोटोंत खाली, जमिनीवर, एका माणसाची सावली पडलेली होती, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, कान असलेल्या पातेल्यासारखी. सासूबाईंच्या सुपापाशी तीच, मुलीच्या उंबऱ्यापाशी तीच, माझ्या वडिलांच्या गाडीच्या चाकावर तीच. पुढे एका सकाळी तो अंगणात उभा राहून सदऱ्याच्या गुंड्या लावत होता. कोपरं बाहेर होती. ऊन त्याच्या पाठीवर होतं आणि सावली सरळ माझ्या पायांपर्यंत आली होती. मी हातातलं काम ठेवलं आणि त्याच्याकडे नीट, डोळे वर करून पाहिलं. इतका काळ माझ्यासमोर उभा राहून माझे दिवस साठवणारा माणूस हा होता. मला त्याची फार माया आली. त्या दिवसापासून ते पुन्हा "हे" झाले.

नाव मात्र आलं नाही. मी ते घरभर शोधलं. पितळी भांडी उलटी करून पाहिली, तर काहींवर सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं आणि काहींवर माझ्या वडिलांचं. पेटीतले कागद काढले, ते सगळे निजामी अमलातले, उर्दूतले. नणंदेला विचारलं असतं तर गोष्ट फुटली असती. मुलीला विचारलं की बाबांचं नाव काय, तर ती म्हणाली, बाबा. मी स्वतःची समजूत घातली की बायकोला नवऱ्याचं नाव लागतंच कशाला.

ते संक्रांतीला लागलं. हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. सासूबाई विधवा, त्या रिवाजाप्रमाणे बाहेर बायकांत बसत नसत. मुलीला घेऊन त्या स्वयंपाकघरात होत्या. वाण लुटून झालं आणि बायकांनी धरलं, नाव घ्या. माझा नेहमीचा उखाणा होता, तो पाठ होता. मी हसून सुरुवात केली, "उन्हामागं सावली अन् सावलीमागं ऊन..." पुढे नाव, आणि मग घराण्याची सून. नावाची जागा आली आणि तिथे काहीच नव्हतं. बायका हसायला लागल्या, लाजली म्हणाल्या. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबले. या खेपेला हसणं कमी झालं. एकीने दुसरीकडे पाहिलं. त्याच वेळी आतून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, दूध उतू चाललं, जल्दी ये आत."

मी आत गेले. चूल थंड होती. दूध फळीवर झाकून ठेवलेलं होतं. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"नाव गेलं का?" त्यांनी हळू विचारलं.

मी म्हटलं, "गेलं, आत्याबाई."

"अन् त्यो?"

"तेही गेले होते. आता ओळखते." आणि मग मला राहवलं नाही. "मला आष्टीला धाडणार का?"

बाहेर बाया बसल्यात, तीळ वाट, एवढंच त्या म्हणाल्या. मी तीळ वाटले. कुणाच्या हातावर किती पडले ते मला कळलं नाही. बायका गेल्यावर मी माझी दोन लुगडी कुठे आहेत ते पाहून ठेवलं. मुलगी कुणाकडे राहील, हा विचार मी करूच शकत नव्हते, म्हणून लुगड्यांचा करत होते.

दिवेलागणीला हे जिनिंगमधून आले. ओट्यावर एक चप्पल काढली, दुसरी पायातच होती, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली. नावाने. पूर्ण नाव, स्पष्ट, पहिलं अक्षर जरा अडखळलेलं. हे जागच्या जागी थांबले. नणंद काय झालं म्हणून परसातून पळत आली, कारण उभ्या आयुष्यात तिने आईच्या तोंडून ते ऐकलेलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "हात-पाय धुऊन घे, चहा ठिवलाय." मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर कडाकडा मोडली. मी दारामागे उभी होते. ते नाव ऐकून मला काही आठवलं वगैरे नाही. नवं नाव ऐकावं तसं मी ते ऐकलं. पण मला पाठवणार नाहीत, एवढं कळलं आणि मी तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई ह्यांना नावानेच हाक मारू लागल्या. जेवायला ये, टोपी घाल, पोरीला घे, प्रत्येक वाक्याआधी नाव. प्रत्येक वेळी बोटं मोडायच्या. ह्यांना कारण सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ते नुसतं "ओ" देत. शेजारणीने टोकलं की थोरल्याचं नाव घेता का, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचं नाव हाय. म्या न्हाई घेणार तर कोण घेईल?" माझं नाव त्यांनी कशात आणलं नाही. दोन लेकरं गेलेल्या बाईने तिसऱ्याचा जीव असा रोज पणाला लावायचा, आणि तो माझ्यासाठी. त्याआधी मी त्यांच्यावर किती वेळा मनातल्या मनात चडफडले होते.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्या मला म्हणाल्या की तो डबा काढ. ह्यांना अंगणात भिंतीशी उभं केलं. ह्यांनी डबा घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "याचा बी फोटू पायजे. तू दाब, म्या धरते याला." धरते म्हणजे खरंच धरलं. भिंतीच्या कडेला उभं राहून त्यांनी ह्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत पकडलं, माणूस त्या डब्यात ओढला जाईल की काय अशा भीतीने. मी कॅमेरा पोटाशी घेतला, वाकून भिंगात पाहिलं आणि खटका दाबला.

तो फोटो चांगला आलेला नाही. माझा हात हलल्यामुळे तोंड थोडं पुसट आहे. कडेला सासूबाईंची दोन बोटं आली आहेत, सदरा घट्ट धरलेली. आणि खाली, ह्यांच्या पायांशी, डोईवर पदर घेतलेल्या बाईची सावली पडली आहे, कोपरं बाहेर. आमच्या घरच्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघं एकत्र आहोत असा मला तो एकच वाटतो.

त्यानंतरची आकडी उन्हाळ्यात आली. मी शुद्धीवर येत होते आणि नेहमीप्रमाणे चामड्याच्या वासाची वाट बघत होते. तो आला नाही. चप्पल कुणी आणलीच नव्हती. माझ्या कानाशी तोंड लावून सासूबाई लेकाचं नाव घेत होत्या, पुन्हा पुन्हा, जप करावा तसं, आणि बोटं मोडण्यासाठीही थांबत नव्हत्या. मी डोळे उघडायच्या आधीच मला माहीत होतं की पायाशी कोण बसलंय.